केसपेपरवर निदान लिहिण्याची घाई नको

प्रश्न : मी गेल्या वर्षापासून एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात काम करते. मध्यंतरी एक मध्यमवयीन गृहस्थ पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते म्हणून आले. ट्रायजच्या (रुग्ण आल्याबरोबर होणाऱ्या प्राथमिक छाननीच्या) कागदावर 'ॲसिडिटी' असे लिहिलेले होते. पहिला ईसीजी मला ठीक वाटला, ॲन्टासिड दिल्यावर बरे वाटते असे तेही म्हणाले आणि मी त्यांना घरी सोडण्याचा कागद लिहायला घेतला. सिस्टरांना त्यांचा सदरा घामाने चिंब भिजलेला दिसला, म्हणून त्यांनी मला परत बोलावले. दुसऱ्या ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. त्यांचा जीव वाचला. पण तेव्हापासून मी प्रत्येकाच्या साऱ्या तपासण्या मागवते, खाटा अडून राहतात आणि सिनियर मला 'फार संथ' म्हणतात. चक्कर येणारे रुग्ण आणि पोटदुखी घेऊन आलेली वयस्कर माणसे यांची तर धास्तीच बसली आहे. काहीही नजरेतून सुटू नये आणि तरी काम वेगाने व्हावे, हे कसे साधायचे? की ही शाखाच माझ्यासाठी नाही?

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तुम्ही ओघात लिहून टाकला आहे, तो म्हणजे तुम्ही रुग्णाला पाहण्यापूर्वीच कागदावर 'ॲसिडिटी' हा शब्द होता. ट्रायज कोणाला आधी पाहायचे एवढे ठरवण्यासाठी असतो. तिथे निदान होत नाही आणि तसे अपेक्षितही नाही. तरीही एकदा शब्द लिहिला गेला की पुढचा प्रत्येक प्रश्न त्याच दिशेने विचारला जातो, 'जेवणानंतर वाढते का', 'आंबट ढेकर येतात का' असे विचारले जाते आणि उत्तरेही त्याच साच्यात बसत जातात. ट्व्हर्स्की आणि कानेमन यांनी १९७४ मध्ये माणसाच्या अंदाजांतील ज्या ठरावीक चुका मांडल्या, त्यांत पहिल्या माहितीला चिकटून राहण्याची ही सवय होती. कॅनडातील आपत्कालीन वैद्य पॅट क्रॉस्केरी यांनी पुढे अशा चुका आमच्या विभागात कशा घडतात याचा विस्ताराने विचार केला. मात्र या चुकांची नावे पाठ केल्याने त्या टळतात, असे मला वाटत नाही. उपयोगी पडतात त्या काही यांत्रिक, कंटाळवाण्या वाटणाऱ्या सवयी, आणि त्यांतली पहिली अशी की रुग्णाला प्रथम स्वतः पाहावे, त्याचे दोन-तीन वाक्यांचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे आणि मगच ट्रायजचा कागद वाचावा. तब्येत अगदीच ढासळलेली नसेल, तर हा क्रम जवळपास नेहमी पाळता येतो.

त्या गृहस्थांच्या बाबतीत वैद्यकीयदृष्ट्या काय घडले, तेही नीट पाहू, कारण छातीतले आणि पोटाच्या वरच्या भागातले दुखणे हे आपले रोजचे काम आहे. छातीदुखीच्या रुग्णाचा ईसीजी तो आल्यापासून १० मिनिटांत काढून डॉक्टरने पाहिलेला असावा, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही तो पाळलाही असेल. पण पहिला ईसीजी म्हणजे एका क्षणाचे चित्र असते. दुखणे सुरू असेल किंवा पुन्हा उठले असेल, तर तो १५ ते ३० मिनिटांच्या अंतराने परत काढायचा असतो आणि जुना ईसीजी उपलब्ध असेल तर दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे असतात. छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-३ या लीडमध्ये (ईसीजीच्या तारांमध्ये) आलेखाचा एसटी भाग खाली गेलेला दिसला, तर तो हृदयाच्या मागच्या भिंतीच्या अटॅकचा आरसा असू शकतो. अशा वेळी पाठीकडे व्ही-७ ते व्ही-९ लीड लावून पाहावे. खालच्या भिंतीचा अटॅक दिसला तर उजव्या बाजूची लीड लावावीत, कारण उजवी जवनिका (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) सामील असेल तर सवयीने दिलेल्या नायट्रेटने (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाने) बीपी कोसळू शकते. ॲन्टासिडने बरे वाटले यावरून हृदय निर्दोष ठरत नाही आणि नायट्रेटने बरे वाटले यावरून ते दोषीही ठरत नाही, हे लक्षात ठेवावे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीत दुखण्याऐवजी धाप, मळमळ, घाम किंवा नुसता गळाठा एवढेच असू शकते. तुमच्या सिस्टरांनी भिजलेला सदरा पाहिला. त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त ज्ञान होते असे नव्हे, तर 'ॲसिडिटी' या शब्दाशी न जुळणारी गोष्ट त्यांनी बाजूला सारली नाही. न जुळणारी गोष्ट बाजूला न सारणे, हेच या कामातले खरे कौशल्य आहे असे मी मानतो.

आता त्या प्रसंगानंतर तुम्ही जी वाट धरली आहे, तिच्याविषयी. सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या मागवणे म्हणजे सावधगिरी नव्हे. प्रत्येक तपासणीचा अर्थ तिच्या आधीच्या शक्यतेवर ठरतो. जिथे आजाराची शक्यता मुळातच नगण्य आहे तिथे आलेले 'पॉझिटिव्ह' उत्तर बहुधा खोटे असते आणि त्याच्या मागे धावताना वेळ, किरणोत्सर्ग आणि नवे धोके पदरात पडतात. डी-डायमर, म्हणजे गुठळीचा संशय असता केली जाणारी रक्ततपासणी, हे याचे ठळक उदाहरण आहे. वय, गर्भारपण, जंतुसंसर्ग, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया अशा कितीतरी कारणांनी तो वाढतो. फुप्फुसातील गुठळीची शक्यता तुमच्या मते कमी असेल तर आधी गुठळी नाकारण्यासाठीचे 'पर्क' हे आठ निकष तपासावेत. वय ५० च्या आत, नाडी १०० च्या आत, ऑक्सिजन ९५ टक्के किंवा अधिक आणि उरलेले पाचही निकष निर्धोक असतील, तर डी-डायमरची गरजच उरत नाही. मात्र ज्याच्याबद्दल मनात खरी शंका आहे अशा रुग्णाला हे निकष लावायचे नसतात. पन्नाशीनंतर डी-डायमरची मर्यादा वयाच्या दहापट धरण्याची पद्धत आता रुळली आहे, तिचा वापर केल्यास वयस्कर माणसांचे अनेक अनावश्यक सीटी स्कॅन वाचतात.

छातीदुखीतही असेच आहे. २००८ मध्ये नेदरलँड्समधून आलेला 'हार्ट' स्कोअर रुग्णाची हकीकत, ईसीजी, वय, जोखमीचे घटक आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतो. शून्य ते तीन गुण म्हणजे कमी धोका. उच्च संवेदनशीलतेचे ट्रोपोनिन असेल तर एक, दोन किंवा तीन तासांनी दुसरा नमुना घेऊन बहुतेक रुग्णांचा निर्णय त्याच पाळीत लागतो. दुखणे सुरू होऊन तीन तासही झालेले नसताना एकच ट्रोपोनिन सामान्य आले म्हणून कोणालाही सोडू नये. हे सर्व करूनही धोका शून्यावर येत नाही. तुम्ही विचारता की काहीही सुटू नये यासाठी काय करावे. त्याला माझे प्रामाणिक उत्तर असे की तशी हमी देणारी पद्धत कोणाकडेही नाही. किती उरलेला धोका चालवून घ्यायचा हे विभागाने मिळून ठरवायचे असते आणि तो रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायचा असतो. तो सगळा एकट्या तुमच्या खांद्यावर आहे, या समजुतीतूनच अंदाधुंद तपासण्या जन्माला येतात. तपासणी मागवण्यापूर्वी 'हे उत्तर सामान्य आले तर मी काय करणार आणि बिघडलेले आले तर काय करणार' असे स्वतःला विचारा; दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असेल तर ती तपासणी मागवू नका.

चक्करेच्या रुग्णांची धास्ती अनेकांना असते, आणि तिचे एक कारण म्हणजे आपण चुकीचा प्रश्न विचारतो. 'गरगरते की अंधारी येते' याचे उत्तर रुग्ण दर वेळी वेगळे देतात. त्यापेक्षा केव्हापासून, किती वेळ आणि कशाने, हे विचारावे. कूस बदलताना येणारी आणि मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर बहुधा कानातल्या कणांची असते. तिथे डिक्स-हॉलपाइक (डोके वळवून झटकन आडवे करण्याची तपासणी) करून पाहावे आणि एप्लीने (डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या उपचाराने) ती तिथेच बरी करावी, यासारखे समाधान आपल्या कामात क्वचित मिळते. पण चक्कर तासन्‌तास अखंड चालू असेल आणि डोळ्यांत निस्टॅग्मस (बुबुळांची आपोआप होणारी लयबद्ध हालचाल) दिसत असेल, तर प्रश्न कान की मेंदू असा असतो. येथे तीन गोष्टी पाहायच्या. रुग्णाला तुमच्या नाकाकडे बघायला सांगून त्याचे डोके झटकन थोडेसे बाजूला वळवले असता, कानाच्या आजारात नजर क्षणभर सुटते आणि उडी मारून परत नाकावर येते. ती अजिबात सुटली नाही, तर ऐकायला उलटे वाटले तरी तीच काळजीची बाब. निस्टॅग्मस बघण्याच्या दिशेनुसार आपली दिशा बदलत असेल, किंवा डोळे आळीपाळीने झाकताना ते वर-खाली सरकत असतील, तर मेंदूच्या मागच्या भागाच्या स्ट्रोकचा विचार आधी करावा. ही तपासणी फक्त चक्कर चालू असताना आणि निस्टॅग्मस असतानाच अर्थपूर्ण असते, आणि ती अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली शिकूनच करावी. चक्कर थांबलेल्या रुग्णावर ती केल्यास ती हमखास दिशाभूल करते. आणखी एक, फार सोपी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे रुग्णाला आधाराविना बसवून आणि चालवून पाहणे. जो खाटेवर सरळ बसू शकत नाही, त्याला 'कानाचा त्रास' म्हणून घरी पाठवायचे नाही. साधा सीटी स्कॅन या भागातला ताजा स्ट्रोक अनेकदा दाखवत नाही, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयदेखील चुकू शकतो. म्हणून स्कॅन स्वच्छ आहे या वाक्यावर विसंबून राहू नये.

वयस्कर माणसाच्या पोटदुखीला मी इमर्जन्सीतला सर्वांत फसवा प्रश्न मानतो. ताप नसतो, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात, पोट हाताला मऊ लागते, बीटा ब्लॉकरमुळे (नाडी मंद करणाऱ्या औषधामुळे) नाडीही वाढलेली नसते, आणि तरीही आत आतडे फाटलेले असू शकते. तुमच्या तरुण रुग्णांसाठी जे निकष तुम्ही शिकलात, ते येथे उपयोगी पडत नाहीत, त्यामुळे स्कॅनचा उंबरठा येथे जाणीवपूर्वक खाली ठेवावा. तपासण्यांवरचा तुमचा सारा उत्साह याच गटासाठी राखून ठेवलात तरी मी तक्रार करणार नाही. साठीनंतर आयुष्यात प्रथमच 'मूतखड्याची कळ' घेऊन आलेल्या माणसाच्या पोटावर अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवून महाधमनीची रुंदी पाहिल्याशिवाय मूतखडा हा शब्द लिहू नये. फुगून गळू लागलेली महाधमनी अगदी तशीच कळ देते आणि लघवीत रक्तपेशीही दाखवू शकते. नाडी अनियमित आहे, वेदनेने माणूस तळमळतो आहे, पण पोट दाबल्यावर फारसे काही सापडत नाही, असे असेल तर आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला आहे असे समजून सीटी अँजिओग्राफी मागावी. सुरुवातीला लॅक्टेट (पेशींना रक्तपुरवठा कमी पडल्यावर रक्तात वाढणारा पदार्थ) सामान्य असणे हा दिलासा नाही, आणि क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी तास-दोन तास थांबणे हे आतड्याला परवडत नाही.

सेप्सिसबद्दल (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेलगाम प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे) तुम्ही विचारलेले नाही, पण घाई आणि सबुरी यांचा तोल तेथे चांगला शिकता येतो. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हा तोल स्पष्ट केला: शॉक (बीपी कोसळून अवयवांना रक्त कमी पडणे) असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर प्रतिजैविके तासाभरात, शॉक नाही आणि शंका धूसर आहे, तर तीन तासांपर्यंत झटपट शोध घेऊन मग निर्णय. मधल्या वेळात लॅक्टेट, रक्ताचे कल्चर, सलाईनला मिळणारा प्रतिसाद आणि बोटाच्या टोकाला दाबल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ हे पुन्हा पुन्हा पाहायचे. सरासरी बीपी (वरच्या-खालच्या आकड्यांवरून काढलेला सरासरी दाब) ६५ च्या खाली रेंगाळत असेल तर मोठ्या शिरेतल्या नळीची वाट पाहत नॉरएपिनेफ्रिन (बीपी वाढवणारे औषध) अडवून ठेवू नये, ते हाताच्या चांगल्या शिरेतूनही सुरू करता येते.

काही गोष्टींबाबत मात्र विचारच करायचा नसतो, त्या आपोआप घडल्या पाहिजेत. बेशुद्ध, बरळणाऱ्या, आक्रमक किंवा अर्धांग लुळे पडलेल्या प्रत्येकाची साखर आधी पाहायची, तो दारू प्यायलेला आहे याची सर्वांना खात्री असली तरीही. पोटदुखी किंवा भोवळ घेऊन आलेल्या, गर्भधारणेच्या वयातील प्रत्येक स्त्रीची गर्भधारणा चाचणी करायची. ॲनाफायलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या ॲलर्जीमध्ये) प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत आधी द्यायचे. ॲव्हिल (ॲलर्जीचे नेहमीचे औषध) आणि स्टिरॉइड नंतर. लहान मुलाचे बीपी चांगले आहे म्हणून निर्धास्त व्हायचे नाही, कारण ते सर्वांत शेवटी पडते, आणि त्याचे वजन मोजल्याशिवाय औषधाचा आकडा उच्चारायचा नाही. श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी बीपी आणि ऑक्सिजन सावरून घ्यायचे, पहिला प्रयत्न फसला तर पुढे काय हे मोठ्याने सांगायचे आणि नळी जागेवर आहे की नाही हे कॅप्नोग्राफीच्या (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर पाहायचे. या गोष्टी अंगवळणी पडल्या की डोक्यातली बरीच जागा मोकळी होते आणि ती खरोखर गुंतागुंतीच्या रुग्णासाठी वापरता येते. 'संथ' असण्यावरचा हा माझ्या माहितीतला सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

दुसरा उपाय म्हणजे व्यत्ययांचा बंदोबस्त. तुम्ही औषधाचा डोस लिहीत असता, तेवढ्यात कोणीतरी ईसीजी समोर धरतो, फोन वाजतो, नातेवाईक विचारायला येतात, आणि मागे वळता तेव्हा डोस लिहिला होता की नाही हेच आठवत नाही. ईसीजी तपासण्यासाठी थांबणे आवश्यकच आहे. पण हातातले वाक्य पूर्ण करून, कागदावर खूण करून मग थांबा, आणि परत आल्यावर ते काम पहिल्यापासून वाचा. पाळी संपताना रुग्ण सोपवताना 'बाकी ठीक आहे, रिपोर्ट बघून सोड' एवढे सांगू नका. कोणता रिपोर्ट, तो कसा आला तर काय करायचे, आणि तुमच्या मनात कोणती शंका शिल्लक आहे, हे सांगा. आणि तुमच्याकडे कोणी असा रुग्ण सोपवला, तर त्याच्याजवळ जाऊन दोन मिनिटे उभे राहा. वॉर्डात खाट नाही म्हणून तासन्‌तास आपल्याकडेच राहिलेल्या रुग्णांकडे दोन्ही विभागांचे दुर्लक्ष होते, हे सर्वत्र घडते. त्यांची जबाबदारी नेमकी कोणाची हे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला नावानिशी ठरवून घेणे हा वाद घालण्याजोगा मुद्दा आहे, आणि तो वाद तुम्ही घालावा.

घरी सोडण्याचा क्षण हा आपल्या कामातला सर्वांत धोक्याचा क्षण आहे, कारण त्यानंतर रुग्णावर कोणाचीच नजर नसते. तेव्हा नाडी, बीपी, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन पुन्हा मोजा. ११८ ची नाडी 'घाबरल्यामुळे आहे' असे लिहून रुग्णाला सोडण्याचा मोह होतो, तो आवरा. कारण सापडलेले नसेल तर कागदावर 'पोटाच्या वरच्या भागात दुखणे, कारण अनिश्चित' असेच लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. 'गॅस्ट्रायटिस' असे ठामपणे लिहिलेत, तर उद्या हा रुग्ण परत आला असता तेथील डॉक्टर तोच शब्द वाचेल आणि तोही तुमच्यासारखाच त्यात अडकेल. रुग्णालाही मोकळेपणाने सांगा की आज धोक्याची कारणे आम्ही तपासली आहेत, त्यातले काही सापडले नाही, पण दुखण्याचे नेमके कारण कळलेले नाही. आणि कोणती लक्षणे दिसल्यास ताबडतोब परत यायचे ते सांगून त्याच्याच तोंडून वदवून घ्या. 'काही वाटले तर या' ही सूचना नव्हे. परत आलेल्या रुग्णाला 'पुन्हा तेच' असे म्हणणारा कर्मचारी तुमच्या विभागात असेल, तर त्याला हे समजावणे हेही तुमचे काम आहे: परत येणारा रुग्ण आपल्याला दुसरी संधी देत असतो.

राहिला प्रश्न शाखेचा. एका प्रसंगाने हादरून तुम्ही शाखा सोडावी असे मला तुमच्या पत्रात काहीही दिसत नाही. तुम्ही सिस्टरांच्या हाकेला लगेच परत गेलात, हे मला त्या ईसीजीपेक्षा अधिक बोलके वाटते. मात्र हात थरथरणे, झोप उडणे आणि कामावर निघतानाच जीव घाबरा होणे हे आठवडेच्या आठवडे चालू राहिले असेल, तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा आणि ते लांबणीवर टाकू नका. सिनियरांच्या शेऱ्याबद्दल असे करा : पुढच्या पाळीनंतर त्यांना विचारा की कोणत्या रुग्णांमध्ये मी जास्त वेळ घेतला आणि तेथे तुम्ही काय वगळले असते. मोघम शेरा मारणाऱ्याला नेमका प्रश्न विचारला की एक तर उपयोगी उत्तर मिळते, नाहीतर शेरा तरी थांबतो. आणि दाखल केलेल्या किंवा सोडलेल्या रुग्णांपैकी काहींचे पुढे काय झाले, याची चौकशी दर आठवड्याला करा आणि तुमचा अंदाज व प्रत्यक्ष निदान एका वहीत शेजारी शेजारी लिहीत जा. आपण नेमके कुठे जास्त घाबरतो आणि कुठे कमी, हे त्या वहीतून काही महिन्यांत तुम्हाला दिसू लागेल, आणि तपासण्यांची यादी कुठे आखडायची ते तेव्हा ठरवा.